कुसाबाईंची माया आणि मी समुद्रफूल

मी एक म्हातारं समुद्रफूल आहे. नावात फूल असलं तरी मी प्राणी आहे, मित्रांनो. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या खडकात माझा जन्म झाला. १९३४ साली रेल्वेत गार्ड असलेल्या सलाउद्दीननं मला दगडासकट बरणीत घेतलं आणि नाशिकला, काझीपुऱ्यात, थोरल्या बहिणीकडे आणलं. ही बहीण, गुलजारबी, मुलींच्या शाळेत शिकवायच्या. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता.

खिडकीजवळच्या काचेच्या पेटीत मी राहू लागलो. सलाउद्दीन दर पंधरवड्याला समुद्राचं पाणी आणायचा. मधल्या दिवसांत पाणी आटलं, तर गुलजारबी विहिरीचं गोडं पाणी घालायच्या, कारण मीठ पेटीतच राहिलेलं असायचं. दर चौथ्या दिवशी त्या कोळंबीचा हरभऱ्याएवढा तुकडा काडीनं माझ्या तोंडाभोवतीच्या बोटांना लावायच्या. मी तो कवटाळला, की शेजारच्या कुसाबाई ओरडायच्या, "अगं बाई, फूल जेवतंय!"

एकदा भाचीच्या लग्नासाठी गुलजारबी आठ दिवस मालेगावला गेल्या. जाताना त्यांनी मला कुसाबाईंवर सोपवलं.

"एवढुशानं काय होतंय जिवाला?" म्हणत कुसाबाई रोज मूठभर कोळंबी टाकू लागल्या. माझं पोट केव्हाच भरलं होतं. उरलेलं तळाशी कुजलं, पाणी गढूळ झालं. माझा जीव गुदमरला. अंग आखडून मी नुसता गोळा झालो.

गुलजारबी परतल्या, तेव्हा कुसाबाई दारातच रडत होत्या.

"आपा, माझ्या हातून मेलं ते. फेकून द्यायलाही मन होईना."

गुलजारबींनी माझ्यावर हलकेच बोट टेकवलं. मी आणखी आकसलो.

"जिवंत आहे, कुसाबाई! पलंगाखालची बाटली आणा."

समुद्राचं तेवढंच पाणी शिल्लक होतं. त्यांनी मला स्वच्छ भांड्यात त्या पाण्यात ठेवलं. दोन दिवसांनी सलाउद्दीन ताजं पाणी घेऊन आला. खाणं मात्र बंद. मी उपाशी आहे या विचारानं कुसाबाईंना घरी घास गिळवेना. त्या रोज येऊन माझ्यापाशी बसायच्या.

सहाव्या सकाळी मी हळूहळू बोटं पसरली.

"आपा, उमललं!"

गुलजारबींनी कोळंबीचा तुकडा कुसाबाईंपुढे धरला.

"मी नाही बाई देणार."

"तुम्हीच द्या. आता तुमच्याइतकं कुणी जपणार नाही."

कुसाबाईंनी त्यातला मसुरीएवढाच तुकडा तोडून मला दिला आणि हात मागे घेतला.

मित्रांनो, माझ्यासारख्या मुक्या जिवाला 'पुरे' म्हणता येत नाही. म्हणून तुमच्या मायेलाच थोडं थांबायला शिकवा.