बाई झोपल्यात

"मालोजी, परदेशी माणूस आपल्या देशात कशासाठी येतो, सांगा बघू," पलंगाची गादी हातानं दाबून बघत अर्जुनराव जगदाळ्यांनी विचारलं.

मालोजी मच्छरदाणीचे बंद बांधत होता. साहेबानं काही सांगावं आणि आपण 'व्हय साहेब' म्हणावं, एवढीच त्याला सवय. साहेब आपल्याला काही विचारतोय हे ध्यानात यायलाच त्याला वेळ लागला.

"मला काय ठावं, साहेब. येत्यात, राहत्यात, जात्यात."

"असं नाही. एकतीस वर्षं तुम्ही या बंगल्यावर आहात. किती गोरे पाहिले असतील. काहीतरी वाटत असेल की."

"दमल्याली मानसं असत्यात, साहेब," मालोजी म्हणाला. "गाडीतनं उतरताना पयला पाय कसा टाकत्यात, त्याच्यावरनं कळतं."

अर्जुनराव मोकळेपणानं हसले आणि न्हाणीघर बघायला गेले.

तळेगाव आणि देहूरोडच्या मध्ये, मुंबई-पुणे रस्त्याला लागून हा सरकारी मुसाफिरी बंगला होता. दोन खोल्या, पुढं रुंद व्हरांडा, मागं स्वयंपाकघर आणि त्याच्या पाठीशी चौकीदाराची खोली. मालोजी चौकीदारही होता आणि खानसामाही. कंदिलाच्या काचा पुसण्यापासून कस्टर्ड करण्यापर्यंत सगळं त्याच्याच अंगावर. म्हणजे सरकारदरबारी त्याच्या अंगावर. त्यातलं निम्मं काम त्याची बायको कौशल्याबाई करायची आणि तिचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. एकुलती मुलगी चाकणला दिलेली. अलीकडं रस्त्यावरून पिंपरीच्या नव्या कारखान्यासाठी सिमेंटच्या मोटारी धडधडत जायच्या, बंगल्यावर मात्र उतारू कमी झाले होते.

ते पंचावन्न साल होतं. अर्जुनराव मुंबईच्या पर्यटन कचेरीतले. वय तिशीचं, मन लावून काम करणारा माणूस. नव्या देशाचं नाव बाहेर चांगलं व्हावं, लोकांनी लांबून तो बघायला यावं, असं त्यांना अगदी आतून वाटायचं. मिसेस हार्लो नावाच्या अमेरिकन बाई प्रवासाची पुस्तकं लिहीत. त्यांच्या पुस्तकावर बोट ठेवून हजारो माणसं कुठं जायचं ते ठरवत. वेरूळ-अजिंठा बघून त्या कार्ल्याच्या लेण्यांना जाणार होत्या आणि वाटेत एक मुक्काम या बंगल्यावर होता.

"बाईंना बंगला आवडला तर वीज येईल, नळ येईल," अर्जुनराव जाताजाता म्हणाले. "नाही आवडला तर रस्त्याच्या कामाची डांबराची पिंपं ठेवायला देणार आहेत. आणि मार्चअखेर तुमची नोकरी संपते ना? सगळं नीट झालं की दोन वर्षं वाढवून मिळावी म्हणून मी स्वतः लिहितो."

"व्हय साहेब."

तयारी तर अशी झाली की बंगल्याला बंगलाच ओळखू येईना. पुण्याच्या हॉटेलातून केक आणि कटलेटं आली. चकचकीत काटेचमचे आले. दारूबंदी असूनही परमिट काढून एक बाटली आली. संध्याकाळी पाचला मामलेदारसाहेब हार घालणार होते आणि वडगावचं लेझीम मंडळ तीस गड्यांनिशी खेळ करणार होतं. कौशल्याबाईला हुकूम झाला होता की मागच्या भिंतीवरच्या शेण्या काढायच्या आणि पाहुणी असेपर्यंत पुढं यायचं नाही.

"मडम काय मागं येऊन भिंत बघनार हाय व्हय?" ती म्हणाली.

"काढ गं. सरकारचं काम हाय."

तिनं शेण्या काढल्या, पण त्या दिवशी नवऱ्याशी बोलली नाही.

बाई पाचला यायच्या होत्या, त्या दोनलाच आल्या. अर्जुनराव तेव्हा मामलेदारांना आणायला वडगावला गेले होते. मालोजी धावत पायऱ्या उतरला. गाडीचं दार उघडलं आणि एक पाय बाहेर आला. गार पाण्यात उतरताना माणूस चाचपतो तसा तो पाय जमीन शोधत होता. मग दाराला धरून बाई उभ्या राहिल्या. साठीच्या असतील. गळ्यात झेंडूचे दोन सुकलेले हार होते, ते काढायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

खोलीपर्यंत त्या गेल्याच नाहीत. व्हरांड्यातल्या लांब हातांच्या आरामखुर्चीत बसल्या आणि डोळे मिटले.

"एकवीस दिवस झाले," बबनराव म्हणाला. हा त्यांचा ड्रायव्हर, मुंबईचा, थोडंफार इंग्रजी जाणणारा. "रोज हार, रोज भाषण. आज पहाटे औरंगाबादेत दारात बँड वाजवला. बाई कुणाला नाही म्हणत नाहीत हो. काल गाडीत गप्पच रडत होत्या. नवरा गेला मागल्या साली. आधी दोघं मिळून फिरायचे, दोघं मिळून पुस्तकं लिहायचे."

मालोजी चहा घेऊन आला तोवर बाईंना गाढ झोप लागली होती, बूट पायांतच. त्यानं चहा तसाच परत नेला.

स्वयंपाकघराच्या दारातून कौशल्याबाईनं हे पाहिलं. हुकूम होता, पण ती पुढं आली. बुटांच्या नाड्या सोडून बूट हलकेच काढले आणि पायांखाली स्टूल देऊन त्यावर आपली वाकळ घातली. गळ्यातले हार एकेका पाकळीचा आवाज होणार नाही अशा बेतानं उचलले.

"अवो, पाय बघा कसं सुजल्यात," ती कुजबुजली. मग तिथंच खाली बसून पदरानं माश्या वारू लागली.

चारच्या सुमाराला रस्त्याकडून हलगीचा कडकडाट आला. मालोजी धोतर सावरत पळाला आणि फाटकाबाहेर दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिला. समोर लेझीम मंडळ होतं. धुतलेली धोतरं, नवे फेटे, आणि पुढं म्होरक्या सोपानराव.

"वाजवू नगासा! बाई झोपल्यात."

"झोपू दे की. उठतील," सोपानराव म्हणाला. "नाना, पंधरा दिस तालीम केलीया आमी. गहू पान्यावर हाय, मोटा सोडून आलोय."

"ठावं हाय. पन त्या लई दमल्यात, सोपानराव. त्यांचं मानूस गेलंय."

सोपानरावानं बंगल्याकडं पाहिलं. कौशल्याबाई तिथं वारा घालत होती. त्याची स्वतःची बायको दिवाळीच्या आधी गेली होती. त्यानं डोक्यावरचा फेटा काढला आणि आपली लेझीम त्यात गुंडाळली.

"गुंडाळा रं," तो गड्यांना म्हणाला.

तीस पैलवानी गडी काखोटीला बोचकी मारून चवड्यांवर चालत बंगल्याला वळसा घालून मागं आले. एकाची लेझीम तेवढ्यातही छुन्नकन वाजली, तर बाकीच्यांनी त्याच्याकडं असं पाहिलं की बिचारा श्वास रोखून उभा राहिला. मालोजीनं पुण्याचा केक कापून सगळ्यांना दिला. तीस माणसांनी तो एक शब्द न बोलता खाल्ला.

पाचला जीप आली. मामलेदार हार घेऊन उतरले, मागोमाग अर्जुनराव. पायरीवर मालोजी उभा होता.

"हे काय? लेझीम कुठाय?" अर्जुनरावांनी विचारलं.

"साहेब, बाई झोपल्यात."

"इथं? खुर्चीत? आणि तुमच्या बायकोला सांगितलं होतं ना?" त्यांचा आवाज चढला, तसा मालोजीनं तोंडावर बोट ठेवलं. साहेबासमोर आपण तोंडावर बोट ठेवलं, हे ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं.

"उठवा त्यांना. मामलेदारसाहेब ताटकळलेत."

"न्हाई साहेब."

"म्हणजे?"

एकतीस वर्षांत हा शब्द त्यानं या पायरीवर उच्चारला नव्हता.

"मी न्हाई उठवनार. आन् तुमालाबी उठवू देनार न्हाई. मानूस पाव्हना म्हनून आलंय, त्याला आदी निजू द्या. पाया पडतो."

तो खरंच वाकला, पण पायरी सोडली नाही. मामलेदारांनी घड्याळात पाहिलं आणि हार जीपमध्ये टाकला. अर्जुनराव लालबुंद झाले होते. ते जीपकडं वळले.

दिवस मावळताना कौशल्याबाईनं बाईंना धरून आत नेऊन निजवलं. त्या उठल्या त्या थेट सकाळी सातला. उठल्या आणि वाट चुकल्यासारख्या मागच्या अंगणात आल्या. तिथं कौशल्याबाई पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. बाई शेजारी बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी सुपातल्या शेंगा आपल्यापुढं ओढल्या. दोघी तासभर सोलत होत्या. कुणी काही विचारलं नाही, कारण विचारायला भाषाच नव्हती. मग बाईंनी दूध-भाकरी खाल्ली, आणखी मागून घेतली.

निघताना त्यांनी बबनरावामार्फत मालोजीला नाव विचारलं.

"चौकीदार," मालोजी म्हणाला.

"मालोजी नाव हाय त्यांचं," कौशल्याबाई म्हणाली. "आन् माजं कौशल्या."

अर्जुनराव काही वाईट माणूस नव्हते. घडलं तेच त्यांनी अहवालात लिहिलं: चौकीदारानं सांगितलेलं ऐकलं नाही, पाहुण्यांचं स्वागत होऊ शकलं नाही. मुदतवाढ मिळाली नाही. मार्चअखेरीला मालोजीनं किल्ल्या दिल्या, दोन ट्रंका आणि वाकळ घेऊन दोघं तळेगावात स्टेशनजवळच्या एका खोलीत राहायला गेली. बंगल्याच्या एका खोलीत आणि व्हरांड्यात डांबराची पिंपं आली. एसटीतून जाताना ती दिसायची. मालोजी त्या बाजूला बसायचं टाळायचा.

दोन वर्षांनी, थंडीच्याच दिवसांत, अर्जुनराव पत्ता शोधत त्या खोलीवर आले. हातात एक जाड पुस्तक होतं.

"मिसेस हार्लोंचं आहे," ते म्हणाले. "वाचून दाखवू का?" आणि त्यांनी थांबत थांबत मराठी करून सांगितलं. "या देशात बघण्यासारखं इतकं आहे की बघता बघता माणूस कोसळतो. मीही कोसळले होते. त्या दिवशी रस्त्याकडेच्या एका बंगल्यात मालोजी आणि कौशल्या या दोघांनी मला झोपू दिलं. दुसऱ्या दिवशी मला पुन्हा सगळं बघावंसं वाटू लागलं."

"माजं नाव हाय त्यात?" कौशल्याबाईनं विचारलं.

अर्जुनरावांनी ओळीवर बोट ठेवून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं ते नीट पाहून घेतलं.

"पुस्तक घेऊन माणसं यायला लागली," अर्जुनराव सांगत होते. "पिंपं काढली, वीज दिली, नवा माणूस नेमला. पण लोक म्हणतात, पुस्तकात लिहिलंय तसं काही वाटत नाही. मालोजी, मी त्या दिवशी चुकलो."

"न्हाई साहेब. तुमचं काम तुमी केलं."

"नोकरी आता देता येणार नाही, वय उलटलं. पण चार दिवस येऊन त्या माणसाला शिकवाल का?"

"आमाला दोघांलाबी बोलवा," कौशल्याबाई म्हणाली. "निम्मं मीच करत हुते."

"दोघंही या," अर्जुनराव पटकन म्हणाले.

नवा माणूस ज्योतीराम पंचविशीचा होता. पितळी गुंड्यांचा पांढरा कोट, चटपटीत बोलणं. दोघं बंगल्यावर गेली त्या दुपारी एक परदेशी जोडपं उतरलं होतं. ज्योतीराम तासाभरात तीनदा दार वाजवून आला होता: आणखी चहा हवा का, पंखा हवा का, लेण्यांची माहिती सांगू का. चौथ्यांदा निघाला तेव्हा मालोजीनं त्याचा कोट धरला.

"बस हितं."

"बसून काय करू, नाना?"

"काय न्हाई. त्यांनी हाक मारली तर तुला ऐकू यील, असा बस."

ज्योतीराम व्हरांड्याच्या टोकाला बसला. थोडा वेळ बोटं मोडली, कॉलर नीट केली. मग हळूहळू त्याचे खांदे सैल झाले. आत पंखा फिरत होता. मागं कौशल्याबाईनं त्याच्या बायकोला भाकरीचं पीठ किती मऊ मळायचं ते दाखवून हात धुतले होते आणि ती पिशवी घेऊन तयार होती. तळेगावची एसटी यायची वेळ झाली होती.

मालोजी उठला. एकवार त्यानं बंद दाराकडं पाहिलं. मग वाकून वहाणा हातात घेतल्या आणि अनवाणी पायांनी अंगणातली खडी तुडवत, आवाज न करता, बायकोच्या मागून निघाला. फाटकाबाहेर रस्त्याला लागल्यावरच त्यानं त्या पायांत घातल्या.