कुशाबाचे पाय धुतलेली परात

आमच्या पाळकसाहेबांची मान तुम्ही एकदा पाहायला हवी, मित्रांनो. कोणी स्तुती करू लागले की ती हळूहळू खाली जाते. डोळे मिटतात. ओठांवर येते, "मी कोण? सारे प्रभूचे." बघणारे म्हणतात, केवढा नम्र माणूस! मला ते पाहवत नाही. मान काय, दाणे टिपताना कोंबडाही खाली घालतो.

मी एक जुनी पितळी परात आहे. माझा जन्म लोकांच्या पायांशी गेला. त्यामुळे खरा वाकलेला कोण आणि नुसती मान झुकवणारा कोण, हे मला खालून नीट दिसते. मला लिहितावाचता येत नाही, पण पाहता येते.

मुंबईच्या तांबाकाट्यावर, भांडीबाजारात, एका म्हाताऱ्या तांबटाने मला ठोकून घडवले. गिरगावातल्या एका सोवळ्याच्या घराने मला विकत घेतले. तिथे माझे काम मानाचे होते. घरात लग्न लागले की जावयाचे पाय माझ्यात धुवायचे. सासरा खाली बसायचा आणि जावई वर चौरंगावर. जावयाचा अंगठासुद्धा तोऱ्यात असायचा. एरवी मी फळीवर उपडी असे, आणि घरातल्या थोरल्या बाईखेरीज मला कोणी हात लावत नसे. बाई मोठी करारी होती. तिची जीभ विळीसारखी चाले. माझ्या बोलण्यात तुम्हाला तिखटपणा दिसला, तर तो तिच्या स्वयंपाकघरातला समजा.

तिचा मुलगा रघुवीर. एके दिवशी तो बाप्तिस्मा घेऊन घरी आला. आईला सांगायचा धीर होईना, म्हणून तो पडवीत उभा राहिला. पायांना चिखल होता. मी घासून तिथेच निथळत ठेवलेली होते; त्याने मला उचलले आणि माझ्यात पाय धुतले. तेवढ्यात कोणीतरी आत जाऊन बाईला बातमी सांगितली. बाई बाहेर आली. मुलाकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले.

"ह्याने हिला हात लावला? मग ही त्याची झाली. जा, दोघेही चालते व्हा."

तिने मला रस्त्यावर भिरकावले. दगडावर आपटून माझ्या काठाला पोचा आला, तो अजून आहे. पितळ राखेने घासले की शुद्ध होते, हे त्या बाईला ठाऊक नव्हते का? होते. पण राग कशाने घासायचा? रघुवीरने मला काखेत धरले आणि तो चालू लागला. गल्लीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत तो एकदाही मागे वळला नाही. माझ्यावर मात्र काहीतरी टपटपत होते.

पुढे रघुवीर पाळक झाला. परळच्या बाजूला, गिरण्यांच्या सावलीत, आमचे लहानसे ख्रिस्ती देऊळ होते. त्यावर कौले होती आणि दारावर एक घंटा. मंडळी म्हणजे गिरणीतले लोक, साहेबांच्या घरच्या आया आणि चार-दोन कारकून. प्रभूने मरणाच्या आदल्या संध्याकाळी शिष्यांचे पाय धुतले होते. त्याची आठवण म्हणून रघुवीरबाबांनी दर वर्षी त्या गुरुवारी मंडळीचे पाय धुवायची रीत घातली. स्वतः गुडघ्यांवर बसायचे, कमरेला पंचा बांधायचे आणि मला पुढे ओढायचे.

पहिल्या वर्षी काय धांदल उडाली म्हणता! पाळकाने आपल्या पायांना हात लावायचा, ह्या कल्पनेनेच लोक पळू लागले. कुशाबा नावाचा एक गिरणीकामगार होता. देवळाची घंटाही तोच वाजवी. तो पाय बाकाखाली दडवून बसला.

"सायेब, नको. गिरणीतनं थेट आलोय. तेल हाय पायाला."

"मग बरेच झाले," रघुवीरबाबा म्हणाले. "स्वच्छ पाय धुवायला मी कशाला हवा?"

"पाप लागंल मला."

"ते माझ्याकडे दे. पाय इकडे कर."

त्यांनी त्याचा घोटा धरून पाय माझ्यात ठेवला. केवढे जड पाय ते! डाव्या अंगठ्याला नख नव्हते, यंत्रात गेले होते. टाचा भेगाळलेल्या. बाबा बोटांमधला मळ काढू लागले तसा कुशाबा गुदगुल्यांनी हसू लागला. हसता हसता रडू लागला. त्याची बायको रखमा म्हणाली, "अवं, लहान पोर हाय का तुमी?" आणि पदराने स्वतःचे डोळे पुसले. मित्रांनो, जावयांचे गोरे पाय पुष्कळ पाहिले मी. पण मान मला त्या दिवशी मिळाला.

बाबा म्हातारे होऊन वारले. त्यांच्या जागी गंगाधर आला. आता तुम्ही त्याला साहेब म्हणा, मी एकेरीच म्हणणार. तो शिकलेला होता. आवाज असा की शेवटच्या बाकावरची बाईही जागी राही. आणि खोटे कशाला बोलू, मुळात माणूस वाईट नव्हता. पहिल्या गुरुवारी त्यानेही बाह्या सारल्या आणि तो माझ्याजवळ गुडघे टेकून बसला. समोर एक कारकून होता. तो ताडकन उठला.

"छे, छे, साहेब! हे उलटे झाले. आपण बसा, आम्ही धुतो."

आपल्या लोकांची ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. गुरूचे पाय शिष्याने धुवायचे, ते पाणी डोळ्यांना लावायचे. धर्म बदलला तरी हाताला जुने वळण राहते. रघुवीरबाबांना ते ठाऊक होते, म्हणून ते घोटा सोडत नसत. गंगाधर "नको, नको" म्हणाला. लोकांनी पुन्हा आग्रह केला. तो पुन्हा "नको" म्हणाला, पण ह्या वेळी उठता उठता. मग बसला.

पुढच्या वर्षी चौरंग आधीच मांडलेला होता आणि त्यावर गादी होती. मंडळी रांगेने येई, त्याच्या पायांवर पाणी घाली. कोणी ते पाणी आजारी मुलासाठी बाटलीत भरून नेई. गंगाधर ते पाही आणि मान खाली घाली. अशी ही रीत उलटी झाली, आणि ती उलटी आहे हेही लोक विसरले. मी पितळेची, मी काय करणार? पडून राहिले.

मग मुंबईत गाठीचा ताप आला.

आधी उंदीर मेले, मग माणसे. चाळींच्या दारांवर खुणा दिसू लागल्या. सरकारी माणसे येत, भिंतींना चुना फासत, अंथरुणे जाळत, आजाऱ्याला उचलून नेत. शिवडीच्या दफनभूमीकडे एकामागून एक तिरड्या जात. आमचे बाक रिकामे होऊ लागले. ज्यांचे पाय मला पाठ होते, ते पाय येईनासे झाले. गुरुवार आला तेव्हा मूठभर मंडळी जमली. घंटा वाजलीच नाही.

गंगाधर चौरंगावर बसला होता, पाय माझ्यात. तेवढ्यात दारात रखमा उभी राहिली. केस सुटलेले, पायात काही नाही.

"सायेब, त्यांना गाठ आलीय. काखंत. आजची रात काय निघत नाय. सारखं एकच म्हणत्यात, सायेबांना बोलवा, बाबांनी धुतले तसे पाय धुवा म्हणावं. तेवढं करा. मग सुखानं जातील."

सगळे मागे सरले. गंगाधरचे पाय पाण्यात ताठ झाले, ते मला कळले.

"रखमाबाई," तो हळू म्हणाला, "मी त्या खोलीत आलो आणि मला काही झाले, तर ह्या मंडळीला कोण? मी इथूनच प्रार्थना करतो. प्रभूला अंतर नसते."

"प्रभूला नसंल. त्यांना हाय."

 गंगाधरने पाय बाहेर घेतले. रखमा पुढे आली. तिने माझ्यातले पाणी उंबऱ्याबाहेर फेकले आणि मला डोक्यावर घेतले. कोणी अडवले नाही. अडवायचे तर तिला शिवावे लागले असते.

चाळीत तिसऱ्या माळ्यावर त्यांची खोली. दिवस मावळत होता. शेजारी दूर, गॅलरीच्या टोकाला उभे होते. कुशाबा भिंतीला टेकवलेला. डोळे उघडे होते, पण त्यांना दिसत नव्हते.

"सायेब आलं?"

रखमा दारात थबकली. मी तिच्या डोक्यावर होते, तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"आलं," ती म्हणाली.

तिने मला खाली ठेवले, पाणी ओतले, त्याचे पाय माझ्यात घेतले. ते तापाने निखाऱ्यासारखे होते. ती एक शब्द न बोलता धूत राहिली, कारण बोलली असती तर आवाज कळला असता. बोटांमधून, टाचांवरून, त्या नख नसलेल्या अंगठ्यावरून. कुशाबा थोडासा हसला.

"सायेब," तो मोठ्याने म्हणाला, "तुमचं हात लई खरबरीत झालं."

पाणी निवले तेव्हा तोही निवला होता.

गॅलरीतल्यांना तिन्हीसांजेच्या अंधारात आत कोण गेले ते दिसले नव्हते, पण ते बोलणे त्यांनी ऐकले होते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळ्या परळात पसरले की, पाळकसाहेब प्लेगच्या खोलीत गेले, मरणाऱ्याचे पाय आपल्या हातांनी धुतले. गुरुवारी देवळात होते त्यांनाही वाटले, आपण गेल्यावर साहेब मागून गेले असतील. रविवारी लोक देवळात धावत आले. कोणी त्याच्या झग्याला हात लावत होते, कोणी रडत होते. गंगाधरने तोंड उघडले. मला वाटले, आता सांगेल. मग त्याची मान हळूहळू खाली गेली.

"मी कोण?" तो म्हणाला. "सारे प्रभूचे."

रखमा मागे उभी होती. तिने ओठ दाताखाली धरले. ती बोलली असती, तर नवऱ्याची शेवटची शांती चार लोकांत फाटली असती. कुशाबा फसून मेला, असे झाले असते. ती तशीच घरी गेली.

मला चिंचेने आणि राखेने घासून पुन्हा देवळात ठेवले. पण मित्रांनो, त्या दोन पायांचे वजन काही घासून गेले नाही. मी रिकामी असले तरी ते माझ्यात असतात. मला जी कोणी उचलते ती म्हणते, "बाई, केवढी जड!" गंगाधरलाही ते ठाऊक आहे. पुढल्या वर्षी त्या गुरुवारी त्याने माझ्यात पाय सोडले आणि एकदम वर घेतले.

"पाणी गार आहे," तो म्हणाला.

ऊन पाणी घातले. त्याने पुन्हा पाय ठेवले, पुन्हा ओढले. त्याच्या बोटांना दुसरी बोटे लागत होती. तळाशी त्याला एक अंगठा दिसला, नख नसलेला. लोकांना त्यातले काही दिसले नाही. त्यांना वाटले, साहेबांना आता धुवून घ्यायचाही संकोच वाटतो, इतके ते नम्र. आणि त्यांनी ठरवले, की कुशाबाची सेवा केल्याची गोष्ट संगमरवरावर कोरून, साहेबांच्या नावाने भिंतीत बसवायची. दगड आला. फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवला. रविवारी तो उघडायचा होता.

मित्रांनो, उद्या तुमच्यातला कोणी पाळक होईल, कोणी मास्तर, कोणी मुकादम. लोक तुम्हाला चौरंग देतील, प्रेमानेच देतील. त्यांचा राग करू नका, पण बसू नका. कारण गादी मऊ असते आणि त्यावरून उठायला फार बळ लागते. ज्याच्या हातात पुष्कळ माणसांचा विश्वास दिलेला असतो, त्याने आपले गुडघे रोज वाकवून पाहावेत. न वापरलेली बिजागरी गंजते, तसे गुडघेही गंजतात. एवढे ह्या म्हातारीचे ऐका.

आता शेवटचे सांगते. ते कालच घडले.

काल शनिवार. दुपारी गंगाधरने रखमाला देवळात बोलावले. ती आली तसे त्याने दार लावून कडी घातली. स्वतः पाणी आणले, मला चौरंगापुढे ठेवले आणि तो माझ्याजवळ गुडघ्यांवर बसला. त्याचा चेहरा कित्येक दिवस झोप नसल्यासारखा होता.

"बसा, रखमाबाई. मला तुमचे पाय धुऊ द्या."

रखमा बसली नाही. तिने कडीकडे पाहिले.

"दार का लावलंत?"

"लोक उगीच काहीतरी..."

"आनि त्यो दगूड? त्यो लोकांसमोरच उघडणार नव्हं उद्या?"

त्याची नजर कोपऱ्यातल्या दगडाकडे गेली.

"मी त्यांच्याशी खोटं बोलले, सायेब. त्येंना मरताना सुख व्हावं म्हून. तुमाला कुटं मरायचं होतं?"

तिने कडी काढली आणि ती निघून गेली. तिच्यामागे दार पुन्हा आपोआप लोटले गेले. गंगाधर तसाच बसून राहिला. पाणी हलत नव्हते. त्याने आत वाकून पाहिले आणि त्याला जे दिसायचे ते दिसले. तो ओरडला आणि त्याने मला दोन्ही हातांनी दूर ढकलले. माझा काठ फरशीवर आपटला आणि सगळे देऊळ घणघणले. त्या आवाजात मी बोलले. त्याने ऐकले, कारण तो पांढराफटक पडला.

"गंगाधर, तुझ्या वाकण्याची मला किंमत नाही. लोकांसमोर मान घालतोस ती खोटी, आणि दार लावून गुडघे टेकतोस तेही लपून. तू कुशाबाच्या खोलीत गेला नाहीस, ते भय होते. भय माणसाला असते, प्रभूला ते कळते. पण तिच्या खरबरीत हातांचे पुण्य तू आपल्या नावावर घेतलेस, ती चोरी आहे. पाय धुवायचे नंतर बघू. आधी ऊठ, ते दार सताड उघड, आणि मंडळीला सांग: मी गेलो नव्हतो."