पापाची नजर आधी कुठे गेली

मंगळवारी दुपारी हार्टविगनं थोरल्या लेकीच्या प्रयोगशाळेत फळीवर हनुवटी टेकवली. जर्मनीतल्या मारबुर्गच्या विद्यापीठात ही लेक, अल्मुट, डोळ्यांच्या हालचाली मोजायची, आणि म्हाताऱ्या डोळ्यांची तिला कायम वानवा असायची.

"पापा, हलू नकोस."

"न्हाव्याकडे बसल्यासारखं वाटतंय. बक्षीस काय मिळणार?"

"नाण्याचं चित्र. पडद्यावर चमकून जाईल. तुला दिसणार नाही, पण डोळ्यांना कळेल. ते तिकडे लवकर पळतील."

"म्हणजे डोळे माझ्याहून हुशार!"

नाण्यांची चित्रं संपली, तसे अल्मुटनं त्याला न सांगता दोन फोटो घातले. एका बाजूला स्वतःचा, दुसऱ्या बाजूला धाकट्या बहिणीचा, स्वान्तेचा. पापणी लवायच्या आत दोन्ही झाकले जायचे, मग त्यांच्या जागी दोन ठिपके उमटायचे. हव्या त्या ठिपक्याकडे बघायचं.

"काय दिसलं?"

"काजवे. चल, प्लमचा केक केलाय. स्वान्तेही येतेय."

अल्मुटसमोर आकडे उतरले होते. जवळजवळ दरवेळी नजर स्वान्तेच्या बाजूला गेली होती, आणि झटकन गेली होती. आईच्या आजारपणात स्वान्ते दोनदा आली होती, फुलं घेऊन. अल्मुटनं आठ महिने आईची अंथरुणं बदलली. घरात कौतुक मात्र फुलांचं झालं.

"मला काम आहे. तुम्ही दोघं खा."

"एक तुकडा तरी?"

"तुम्ही दोघं खा म्हटलं ना!"

बुधवारी सकाळी बागेत पापाचं हृदय बंद पडलं. दफनाच्या वेळी स्वान्ते ओक्साबोक्शी रडली आणि सगळे तिच्याभोवती जमले. अल्मुट सगळ्यांचे कोट सांभाळत उभी राहिली.

तीन आठवड्यांनी तिनं तोच प्रयोग स्वतःवर करून पाहिला. तिचे डोळेही स्वान्तेकडेच पळाले.

तिनं दोन्ही फोटो शेजारी शेजारी उघडले. स्वान्ते उन्हात, पिवळ्याधमक रेनकोटात. ती स्वतः वाचनालयाच्या सावलीत. उजळ चित्राकडे कुणाचीही नजर आधी धावते. चित्रांचा उजेड आधी सारखा करून घ्या, हे ती पहिल्या वर्षाच्या मुलांकडून घोकून घ्यायची. पापाचे डोळे कुणाला शोधत होते, ते त्या आकड्यांत नव्हतंच. आता पुन्हा मोजताही येणार नव्हतं.

हनुवटी फळीवरच ठेवून ती रिकाम्या पडद्याला मोठ्यानं म्हणाली,

"पापा, मला तो केक हवा होता. आणि तो स्वान्तेला मिळायला नको होता."