मोजपट्टी धरणारी दोन बोटं

मित्रांनो, मी एक जुनी मोजपट्टी आहे. दार बसवून उरलेल्या सागवानी फळीतून सुताराने मला कापलं आणि फोटोग्राफरच्या बायकोने माझ्यावर काळे-पांढरे पट्टे रंगवले. एक पट्टा एक इंचाचा, असे बारा. कोरीव मूर्तीशेजारी मला धरलं की फोटो पाहणाऱ्याला मूर्ती केवढी आहे ते कळतं. एवढंच माझं काम.

आठशे वर्षांच्या एका देवळात आम्ही सहा वर्षं, दर हिवाळ्यात गेलो. फोटोग्राफर बाहेरच्या भिंतीवरच्या एकेका शिल्पाची नोंद करत होता. हत्तींची रांग, मृदंग वाजवणारे, आरशात बघणारी, पायातला काटा काढणारी. मला धरायला कायम त्याची बायको. नोंदीच्या फोटोत माणूस चालत नाही. त्यामुळे ती चौकटीबाहेर अंग चोरून बसायची आणि हात लांब करून मला तळाशी दोन बोटांनी धरायची. "अगं, सरक जरा, बोट येतंय," हे मी हजारदा ऐकलं असेल. जिथे तिचा खांदा, पदर नाहीतर चेहरा आला, तो फोटो वाया. असे फोटो तो घरी आल्यावर निगेटिव्हसकट कापून टाकायचा. कामात फार काटेकोर. लोक त्याची वाहवा करत, क्वचित माझीही.

सहाव्या वर्षी, शेवटच्या दिवशी, ती हसून म्हणाली, "अहो, इतक्या परक्या बायकांचे फोटो काढलेत. एक घरच्या बाईचा काढा की."

"रोल संपत आलाय. पुढच्या खेपेला नक्की."

पुढची खेप झाली नाही. त्याच वर्षी ती तापाने गेली. भिंतीवर लावायला मुलीने आईचा फोटो मागितला. लग्नातल्या एकुलत्या एक फोटोत तिची मान खाली होती. मग बापलेकीने देवळाचे सगळे फोटो जमिनीवर पसरले आणि दोन दिवस एकेक पाहिला. प्रत्येक फोटोत मी होते.

एकात, आरसेवालीच्या पायाशी, दोन बोटं निसटून आली होती.

"बाबा, हा बरा कापायचा राहिला," मुलगी म्हणाली.

त्याने तो फोटो उचलून बाजूला ठेवला. मला काही वाटलं का, असं विचाराल. लाकडाला काय वाटणार? मी तेव्हा बारा इंच होते, आजही बारा इंच आहे.

तोच फोटो आता भिंतीवर आहे. येणारेजाणारे मूर्तीचं कौतुक करतात. तो मान डोलावतो.

मित्रांनो, मला खणात टाकलंत तरी चालेल. पण तुमच्या घरात कुणी चौकटीबाहेर बसून तुमच्यासाठी काही धरत असेल, तर त्याला आधी आत बोलवा. मूर्ती कुठे जात नाहीत.