राजाची अडीच घरे

हिलाल आबांची वाचा गेली, त्या हिवाळ्यापासून सोनगीरच्या त्या घरात बाप-लेकाचे बोलणे केवळ बुद्धिबळाच्या पटावर होत असे. आबांचे उजवे अंग लुळे पडले होते आणि ओठांतून घोगऱ्या हुंकारापलीकडे काही उमटत नव्हते. डावा हात मात्र शाबूत होता. खाटेशेजारी पाट ठेवून त्यावर पट मांडला, की तो हात गोधडीतून सावकाश बाहेर येई, आणि मग आबा बोलू लागत. घोडा लवकर बाहेर काढला, तर मन हलके आहे. हत्ती कोपऱ्यातच राहिला, तर रात्र वाईट गेली आहे. लेकाला, सुकदेवला, ते सारे कळत असे.

तो स्वतः मुळातच अबोल. धुळ्याला देवपुरात खोली घेऊन कॉलेजात शिकणारा हा मुलगा हजेरी देतानाही मान खाली घाली. आई त्याला म्हणायची, "बापनी वाचा आजारघाई गई. तुनी कसाघाई गई रे?" बापाची आजाराने गेली, तुझी कशाने, हे तिचे बोलणे अर्धे थट्टेचे असे, आणि उरलेले अर्धे ती चुलीकडे तोंड करून गिळत असे.

आबांचा खेळ जुन्या देशी नियमांचा होता. मारुतीच्या पारावर पिढ्यान्‌पिढ्या तोच चालत आलेला. त्यात प्यादे एकेक घरच सरकते, आणि शह बसण्यापूर्वी राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. ती उडी हा आबांचा जीव की प्राण. वाचा होती तेव्हा राजा उचलताना ते दर वेळी तेच वाक्य म्हणत, "राजा बी शेतकरीच शे रे भो, वखत उना का बांध उडी जास!" आणि वेळ आली की राजाही बांध उडून जातो, या आपल्याच विनोदावर खो खो हसत. आता वाक्य नव्हते, हसणे नव्हते. राजा उडाला, की आबांच्या डोळ्यांच्या कडा तेवढ्या किंचित आकसत. ते वाक्य आता तिथेच उरले होते.

देवपुरात एका शिंप्याच्या दुकानावरच्या माळ्यावर संध्याकाळी बुद्धिबळाचा अड्डा जमे. टेलिफोन खात्यातला भिकन तो चालवी. तिथे आधुनिक नियम होते, त्यांत राजाला उडी नव्हती, आणि शिवाय दोन तोंडांचे घड्याळ होते. प्रत्येकाला पाच मिनिटे. चाल करायची, बटण दाबायचे. झेंडी पडली, की डाव गेला. सुकदेवला त्या घड्याळाची भूल पडली. पाच मिनिटांच्या डावात कुणी कुणाला काही विचारत नाही, आणि तरीही कुणीतरी समोर बसलेले असते. त्याच्यासारख्याला याहून अधिक काय हवे होते?

"सोनगीरकर, विचार घरी करून यायचा," भिकन म्हणे. "इथं फक्त हात चालवायचा. पानाचा विडा लावायला बसलायस का?"

दिवाळीनंतर जळगावला जलद डावांची स्पर्धा झाली. सुकदेव तिथे जिंकत आलेल्या डावात होता. दोन्ही झेंड्या वर उचललेल्या, पडायच्या बेतात, त्याच्या राजाभोवती गराडा पडलेला. तेवढ्यात त्याच्या हाताने राजा उचलला, अडीच घरे दूर ठेवला आणि बटण दाबले. समोरच्याने घड्याळ थांबवून पंचांना हाक मारली. पाच मिनिटांच्या डावात बेकायदा चालीला दुसरी संधी नसते. डाव गेला.

"राजा घोड्यावर बसून पळाला की हो!" मागून कुणीतरी म्हणाले, आणि साऱ्या दालनात हशा पिकला. सुकदेवच्या कानांच्या पाळ्या तापल्या. परतीच्या एस.टी.त तो आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिला. तो हात त्याला आपला वाटेना.

"ही खोड मुळासकट उपटली पाहिजे," भिकन म्हणाला, आणि त्याने उपाय योजला. तो मुद्दाम असे डाव मांडी, की राजाच्या उडीवाचून सुटका दिसू नये. सुकदेवची बोटे राजाकडे वळली रे वळली, की भिकनचा पंजा झडप घालून राजावर पडे, आणि तो ओरडे, "बेकायदा!" संध्याकाळमागून संध्याकाळ हेच. पुढे पुढे भिकन आणि सुकदेव बाजू बदलू लागले. भिकन उडी मारायचे सोंग करी, आणि झडप सुकदेवने घालायची. प्रथम तो संकोचाने हात पुढे करी. उन्हाळा लागेपर्यंत हात डोक्याच्या आधी पोहोचू लागला.

"आता झालास तू खेळाडू," भिकन म्हणाला. माळ्यावरचे लोक सुकदेवला नावाने हाक मारू लागले.

सोनगीरच्या फेऱ्या मात्र विरळ होत गेल्या. गेला तरी त्याचे चित्त पटावर ठरत नसे. आबांचा हात मोहऱ्यावर रेंगाळे, हवेत थांबे, पुन्हा मागे येई. सुकदेवची बोटे तोवर पाटाच्या कडेवर नसलेले बटण दाबत राहत. आई दारातून ते पाहत असे.

"घाई कसानी शे तुले?" ती एकदा त्याला अंगणात गाठून म्हणाली. "त्यासले इतलंच ऱ्हायेल शे, भाऊ. तुले बठ्ठं जग शे."

त्याने मान हलवली. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर जळगावला तो पहिला आला.

करंडक घेऊन तो थेट सोनगीरला उतरला. किल्ल्यावर उतरती उन्हे होती. आईने करंडक देवापुढे ठेवला, हळदकुंकू लावले आणि आबांच्या उशाशी जाऊन मोठ्याने सांगितले, "पोऱ्यानी जळगाव जितं!" आबांचा चेहरा अर्ध्या बाजूने उजळला. त्यांनी डाव्या हाताने पाटाकडे खूण केली. घोडा त्यांनी पहिल्याच चालीला बाहेर काढला.

डाव मध्यावर आला. सुकदेवचा वजीर आबांच्या राजाला शह द्यायच्या बेतात होता, पण अजून शह बसला नव्हता. आबांनी पटाकडे पाहिले, मग लेकाकडे पाहिले. डोळ्यांच्या कडा आकसू लागल्या. डावा हात उठला, राजापाशी आला, बोटांनी राजा धरला आणि उचलला.

सुकदेवचा पंजा झडप घालून त्या हातावर पडला.

"बेकायदा!"

तो शब्द घरभर घुमला. त्याच्या पंजाखाली आबांचा हात पाखरासारखा दबून राहिला होता. दारात आईच्या हातातले ताट तसेच थांबले. सुकदेवने हात मागे घेतला, "आबा, नाही... मी..." असे काहीसे पुटपुटला. जन्मभर न बोललेल्या माणसाला ऐन वेळी शब्द कुठून सापडणार? आबांनी मुठीतला राजा हळूच सोडून दिला. तो पटावर आडवा पडला. हात गोधडीत गेला.

रात्रभर सुकदेव ओसरीवर बसून राहिला. सकाळी त्याने डाव जसाच्या तसा पुन्हा मांडला. आबा जागे होते. सुकदेव पाटाजवळ बसला, त्याने आबांचा राजा स्वतः उचलला आणि अडीच घरे पलीकडे ठेवला. मग घसा खाकरून, आयुष्यात प्रथमच, ते वाक्य त्याने मोठ्याने म्हटले.

"राजा बी शेतकरीच शे रे भो..."

पुढचे त्याला म्हणवले नाही.

आबांनी पटाकडे पाहिले. मग गोधडीतून डावा हात बाहेर आला. त्या हाताने राजा उचलला, आणि चूक दुरुस्त करावी तसा, आधीच्या घरात परत आणून ठेवला. नीट, अगदी मधोमध. आबांनी भिंतीकडे मान वळवली.

त्यानंतरही सुकदेव येत राहिला. आई पट पुसून मांडून ठेवी. हात काही बाहेर आला नाही.