स्वच्छ झाडं

लोकांच्या बागा आखून मी पोट भरते आणि माझी सख्खी थोरली बहीण झाडं फुलली की खिडक्या लावून कोंडून घेते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. परागकण नाकात गेले की ताईला शिंकांवर शिंका, डोळे सुजतात, छातीत शिट्ट्या वाजतात. एकदा तर दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला. डॉक्टर म्हणाले, "जपा यांना." जपा म्हणे! बरणीत भरून ठेवू की काय?

तिला एकदाच, मोहराच्या दिवसांत, बाहेर बसायचं होतं. म्हणून घरामागे बाग करायला घेतली. हिरवळ उपटून खडी टाकली, कारण गवताचे पराग वाऱ्यावर उडतात. फुलझाडं लावली ती मधमाश्यांची, जड चिकट परागांची. सावलीला मात्र झाडं हवीतच. मी निवडलेल्या जातीत नर आणि मादी झाडं वेगळी. पराग उडवतो नर, फळ धरते मादी. नर्सरीवाल्याला बजावलं, "मादीचीच कलमं दे. फळं पडून घाण होऊ दे, मी झाडीन." तो म्हणाला, "हो बाई, हो."

कलम नराचं की मादीचं, हे बांधणाऱ्यालाच ठाऊक. बाकीच्यांना फुलोरा येईपर्यंत काही कळत नाही. आम्ही वाट बघितली, वर्षानुवर्षं. ताई काचेआडून प्रत्येक फांदीची विचारपूस करायची. झाडांखाली ठेवलेल्या बाकाचा रंग तिनंच ठरवला. बागेत घालायला चपला आणल्या आणि खोक्यातच ठेवल्या. मी चिडवायचे, "उद्घाटनाला पुढारी येणार वाटतं!"

परवा सकाळी ती ओरडली, "अगं, फुलोरा आला! बघ तरी!"

मी धावले. फांद्यांवर पिवळे तुरे लोंबत होते. बोट लावलं तर बोटभर पिवळी पूड. पुढचं झाड, त्याच्या पुढचं. एकूण एक नर.

तिथूनच नर्सरीवाल्याला फोन लावला.

"बाई, मादी कोण मागतं? फळं सडतात, माश्या होतात," तो म्हणाला. "मला वाटलं, घाईत उलटं बोललात. मुद्दाम स्वच्छ झाडं दिली तुम्हाला."

मेल्याच्या आवाजात इतकी आपुलकी, की तोंडातून शिवीसुद्धा फुटेना.

मागे वळले तर ताई उघड्या दारात, पायात नव्या चपला. मी किंचाळले, "आत जा! आधी आत जा!" ती गोंधळली. तेवढ्यात पहिली शिंक आलीच.

आत जाऊन तिला औषध दिलं, दम जरा बसल्यावर सगळं सांगितलं. "उद्याच करवत आणते. सगळी पाडते. पुन्हा लावू."

ताई चपला पुसत होती. त्यांच्या तळांना धूळसुद्धा लागलेली नव्हती.

"पुन्हा नको गं," ती म्हणाली. "एवढी वाट बघणं आता माझ्याच्यानं व्हायचं नाही."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"आणि पाडू नकोस," तिनं चपला माझ्याकडे सरकवल्या. "या घाल. जाऊन बस बाकावर. तिथं कुणीतरी बसलेलं दिसू दे मला."

चपला मला लहान होत्या. तशाच घातल्या आणि बाकावर जाऊन बसले. मोठ्यानं रडावंसं वाटत होतं, पण ताई काचेमागे उभी होती, म्हणून हसत बसले.