ताईला उत्तर

ताईच्या पत्राला मी उत्तर देत नव्हतो, ते आळसामुळे नव्हे. किती मसुदे लिहून फाडले, ते टोपलीलाच ठाऊक.

पत्र लहान होतं. "हृदयाची झडप बदलायची म्हणतात. तारीख ठरली आहे. आपल्या घरात सगळ्यांत जास्त तू वाचलंस. पलीकडे कोणी आहे की नाही, एवढं सांग. बारक्याला विचारलं असतं, पण त्याचं उत्तर मला पाठ आहे. फोनवर सांगू नकोस, फोनवर तू नुसता हं हं करतोस. तुझं उत्तर हातात पडल्याशिवाय मी टेबलावर झोपणार नाही."

ताई एकदा म्हणाली की म्हणाली. भाच्याचा रोज फोन येई. "मामा, आई भरती व्हायला तयार नाही. ही तारीख गेली तर पुढची मिळेपर्यंत झडप टिकेल असं डॉक्टर म्हणत नाहीत."

मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. शंका आली की मजकुराला हात लावायचा नाही. समासात प्रश्नचिन्ह टाकायचं आणि लेखकाकडे परत पाठवायचं. देवाच्या बाबतीतही मी तेच करत आलो. फक्त इथे परत कोणाकडे पाठवायचं, ते कळलं नाही.

शेवटी एका दुपारी धाकटा भाऊ आला. साठी उलटली तरी आम्हाला तो बारक्याच. कारखान्यांचे बॉयलर तपासण्यात त्याची सगळी नोकरी सरली. बोलतोही तसाच, वाफ दाबून.

"पाचला टपाल निघतं. आजचं चुकलं तर वेळेत पोहोचणार नाही. लिहिलंस?"

"लिहितोय."

"काय, ग्रंथ? एक शब्द लिही. 'आहे.'"

मी चष्मा काढून त्याच्याकडे पाहत राहिलो. आईच्या अंत्यविधीला प्रार्थना सुरू होताच उठून बाहेर गेलेला हा माणूस.

"तू सांगतोस 'आहे' म्हणून लिही?"

"नाहीच आहे, म्हणून तर सांगतोय. जिथे कोणी नाही, तिथे खोटं पकडणार कोण? ताई निवांत भरती होईल, झडप बसेल, जागी झाली की भांडू तिच्याशी."

"आणि जागी झाली नाही तर?"

"तर तिला कळणारच नाही."

एवढं बोलून तो खिडकीकडे वळला.

"बारक्या, तुला खात्री आहे म्हणून ते खोटं तुला फुकट पडतं. मी 'आहे' लिहिलं, तर जे मला माहीत नाही ते माहीत असल्याचं सांगितलं. 'नाही' लिहिलं तरी तेच."

"तू मानतोस का त्याला? सरळ बोल."

"नाही."

"मग माझ्याच पंगतीतला तू. उगाच कुंपणावर बसून पाय हलवतोस."

"एखादा बॉयलर उघडताच आला नाही, तर तू काय लिहायचास?"

"'तपासणी झाली नाही,'" तो नाइलाजाने म्हणाला. "पण पेटवूही द्यायचो नाही. तपासलं नाही, ते नाही धरूनच चालायचं."

"तसाच चालतो मी. पण न उघडता 'आत काही नाही' असं लिहिलंस कधी?"

तो खिडकीपासून परत फिरला. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला.

"दादा, वाद तू जिंक. पण 'माहीत नाही' वाचून ती घाबरली आणि भरती झालीच नाही, तर? तुझा खरेपणा मी कुठे घालू?"

हा माझा खरेपणा आहे की भित्रेपणा, हेच मला नीट सांगता आलं नसतं. फोन वाजला. बारक्यानेच उचलला. "लिहितोय तो," भाच्याला म्हणाला आणि ठेवला. चार वाजून गेले होते. मी कोरा कागद घेतला.

"ताई, मला माहीत नाही. इतकं वाचलं, पण स्वतः पाहून आलेला लेखक भेटला नाही. बारक्या नाही म्हणतो. तो माझ्यापेक्षा धीट. मीही देवाला मानत नाही, पण नाहीच असं ठासून सांगायला मी सगळीकडे डोकावून आलेलो नाही. भीती मलाही वाटते. दाराच्या अलीकडे कोण असेल, तेवढं मात्र माहीत आहे. आदल्या दिवशी मी येतो, बारक्याही येईल. बाहेर बाकावर आम्ही भांडत बसू. उठून आम्हाला गप्प कर."

बारक्याने दोनदा वाचलं. "मला न विचारताच?"

"येणार नाहीस?"

"येणार." कागदावर त्याचं बोट थांबलं होतं. "ते 'धीट'वालं वाक्य तेवढं खोड."

त्या एका वाक्यापुरता लेखक माझ्यासमोरच बसला होता. मी वाक्य खोडलं, आणि कारण विचारलं नाही.

नाक्यावर पोहोचलो तेव्हा पोस्टमन पेटी उघडून पत्रं थैलीत ओतत होता. धाप लागल्यामुळे मला बोलता येईना. बारक्याने त्याला हाताने थांबवलं. पाकीट माझ्या मुठीत घामाने ओलं झालं होतं. पत्ता वाचता येतोय ना, ते मी एकदा पाहिलं.

"टाका आजोबा, निघायचंय," पोस्टमन म्हणाला.

मी टाकलं.